गाजरावाडीचा गाळ आणि कोबाल्टचं अर्धायुष्य

वडोदऱ्याच्या गाजरावाडीत महापालिकेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे ‘श्री’ नावाचा एक प्रकल्प चालू केला. शहराच्या मैल्यातून उरलेल्या गाळावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडायचे, त्यातले रोगजंतू मारायचे आणि तो गाळ शेतात खत म्हणून वापरता येईल असा करायचा, अशी ती कल्पना. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. ज्यांना सांगावं त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मग ते रेडिएशन खतात उतरत नाही का? तिथून भाजीत, भाजीतून आपल्या पोटात?

मी मकरपुऱ्याच्या आणि रणोलीच्या कारखान्यांमध्ये वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ वापरून तपासणी, करायचो, त्यामुळे हाच प्रश्न मला घरातही भेटला आहे. माझी मावशी सुरुवातीला माझा जेवणाचा डबा वेगळा घासायची.

उत्तर सरळ आहे: नाही, उतरत नाही. पण ‘नाही’ एवढ्याने कोणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. का नाही, हे कळायला कोबाल्टच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

साध्या कोबाल्टच्या अणुकेंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. हा कोबाल्ट-५९. तो तसाच्या तसा राहतो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अणुभट्टीत ठेवला की त्याला आणखी एक न्यूट्रॉन चिकटतो आणि कोबाल्ट-६० तयार होतो. ही न्यूट्रॉनांची संख्या त्या केंद्रकाला पेलत नाही. कधी ना कधी एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि कोबाल्टचं निकेल होतं. हे नवं निकेल जास्तीच्या ऊर्जेने भरलेलं असतं. ती ऊर्जा ते लगोलग दोन गॅमा किरणांच्या रूपात सोडून देतं आणि कायमचं शांत होतं. खरं पाहिलं तर गॅमा निघतात निकेलमधून, पण नाव होतं कोबाल्टचं. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनला बीटा किरण म्हणतात. तो स्टीलच्या कुपीतच अडतो. युरेनियम, रेडियम अशा जड अणूंमधून निघणारे अल्फा कण तर कागदानेही थांबतात, मात्र ते सोडणारा पदार्थ श्वासातून किंवा अन्नातून आत गेला तर सगळ्यांत जास्त नुकसान तेच करतात. गॅमाला अडवायला शिसं किंवा जाड काँक्रीट लागतं.

‘कधी ना कधी’ म्हणजे कधी? एखाद्या अणूबद्दल हे कोणीही सांगू शकत नाही. कोबाल्ट-६० च्या अणूला वय नसतं. काल भट्टीतून निघालेला अणू आणि दहा वर्षं टिकून राहिलेला अणू, दोघांचीही उद्या फुटण्याची शक्यता अगदी सारखी. म्हातारा अणू लवकर जाईल असं नाही. पण अणू अब्जावधी असले की हिशेब पक्का होतो: आज जेवढे आहेत त्यांतले निम्मे येत्या ५.२७ वर्षांत, म्हणजे सव्वापाच वर्षांहून किंचित जास्त काळात, निकेल झालेले असतील. उरलेल्यांतले निम्मे पुढच्या तेवढ्याच काळात. हे अर्धायुष्य. तापवा, गोठवा, आम्लात बुडवा, त्यात काही फरक पडत नाही. म्हणूनच किरणोत्सारी कचरा जाळून संपवता येत नाही. भट्टीत घातला तर तो फक्त धुरात आणि राखेत पसरेल.

प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य वेगळं असतं, आणि कुठला पदार्थ कुठे वापरायचा हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. सांडपाण्याच्या प्रकल्पाला कित्येक वर्षं टिकणारा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा पदार्थ, हवा, म्हणून कोबाल्ट. तरी त्याचा जोर दर वर्षी साधारण १२ टक्क्यांनी घटतोच. मग गाळ जास्त वेळ फिरवायचा नाही तर नवा कोबाल्ट घालायचा. दवाखान्यात नेमकं उलट हवं असतं. हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी टोचतात त्या टेक्नेशियम-९९एम चं अर्धायुष्य फक्त सहा तास. काम झालं की त्याने लवकर निघून जावं, हाच त्यामागचा विचार. त्यातला बराचसा भाग लघवीवाटेही जातो, म्हणून स्कॅननंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि त्या दिवशी तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसू नका म्हणतात. पेट स्कॅनमधलं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत निम्मं होतं. ते जिथे बनतं तिथून दवाखान्यापर्यंत गाडी किती वेळात पोचते यावर अख्ख्या दिवसाच्या पेशंटांचं वेळापत्रक बसवावं लागतं. थायरॉइडसाठी देतात त्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस, म्हणून मोठा डोस दिलेल्या माणसाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. दुसऱ्या टोकाला कार्बन-१४ आहे: ५,७३० वर्षं. पुरातत्त्ववाले उत्खननात सापडलेल्या कोळशाचं वय त्यावरून काढतात.

आता गाळाच्या प्रश्नाकडे येऊ. एखादी वस्तू किरणोत्सारी व्हायची तर तिच्या अणूंच्या केंद्रकात फेरफार व्हावा लागतो. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा त्याला पुरत नाही. त्यांचा मार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच चालतो. रेणू तुटतात, केंद्रकं जागची हलत नाहीत. म्हणून गाळावर कितीही वेळ गॅमा पडले तरी तो किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टचा स्वतःचा एक कणही त्यात मिसळत नाही, कारण कोबाल्ट असतो धातूच्या बंद कुपीत. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर उभं राहिलं तर कातडी भाजून निघते, पण संध्याकाळी खाली आल्यावर आपल्या अंगातून ऊन पडत नाही. धुळवडीचा रंग मात्र अंगावर बसून घरात येतो, उंबऱ्याला लागतो, दुसऱ्यालाही लागतो. किरण अंगावर पडणं ही पहिली गोष्ट. किरणोत्सारी पूड अंगाला लागणं किंवा पोटात जाणं ही दुसरी. गाजरावाडीच्या गाळाच्या बाबतीत पहिली घडते. माझ्या डब्याच्या बाबतीत दोन्ही घडत नव्हत्या, पण मावशीला ते पटायला वेळ लागला.

मग जंतू मरतात कसे? उष्णतेने नव्हे. गाळाला जो डोस देतात तो साधारण ३ किलोग्रे. १ ग्रे म्हणजे दर किलो वस्तूमागे १ ज्यूल ऊर्जा. ३ किलोग्रे म्हणजे किलोमागे ३,००० ज्यूल. तेवढ्याने पाणी पाऊण अंशही तापत नाही. पण हीच ऊर्जा किरणांच्या रूपात आली की पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून कमालीचे आक्रमक तुकडे तयार होतात आणि ते जंतूंच्या डीएनएवर तुटून पडतात. डीएनएच्या दोन्ही पदरांना जागोजाग तडे गेले की जंतूला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही, वाढता येत नाही. माणूस याबाबतीत फार नाजूक. सगळ्या शरीरावर एकाच वेळी ४ ग्रेच्या आसपास डोस पडला आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. तेवढ्या ऊर्जेने आपलं शरीर तापतं ते एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं! अंगाला काही जाणवत नाही, वास नाही, चटका नाही. या कामातली सगळी शिस्त त्यातूनच आली आहे. शरीर इशारा देत नाही म्हणून किरण मोजणारा मीटर बाळगायचा.

या तंत्राच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. गॅमा किरण जंतू मारतात, जड धातू काढत नाहीत. कुठल्या कारखान्याचं पाणी चोरून गटारात सोडलं असेल, तर त्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम गाळात जसंच्या तसं राहणार. वडोदऱ्यासारख्या रसायनांच्या शहरात त्या खताबद्दल कोणाला विचारायचंच असेल तर ‘यात रेडिएशन आहे का’ यापेक्षा ‘यातले जड धातू तपासले का’ हे विचारावं. मला पहिल्या प्रश्नाची कधी भीती वाटली नाही, दुसऱ्याची वाटते.

तोच उपाय इतरत्रही चालतो. इंजेक्शनच्या सिरिंजच्या पाकिटावर ‘स्टराइल आर’ असं छापलेलं असेल तर ती किरणांनी निर्जंतुक केलेली आहे, सहसा २५ किलोग्रेने. लासलगावच्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्याला याच्या कितीतरी कमी डोस देतात, आणि २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ आपल्या हापूसला पुन्हा उघडली ती अशीच प्रक्रिया केल्यावर. ते आंबे खाणाऱ्यांच्या पोटात कोबाल्ट गेला नाही.

आणि किरणोत्सारी काहीच नको म्हटलं तर आपल्याला स्वतःलाच घराबाहेर काढावं लागेल. पोटॅशियममध्ये निसर्गतःच थोडं पोटॅशियम-४० असतं. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटत असतात, आईच्या पोटात असल्यापासून. जमीन, हवा, आकाश, अन्न हे सगळं धरून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. सिव्हर्ट म्हणजे ग्रेच. फक्त त्यात कुठल्या किरणांनी शरीराच्या कुठल्या भागाला किती इजा होते हे धरलेलं असतं. छातीच्या एक्स-रेमधून ०.१ पेक्षा कमी मिळतात, पोटाच्या सीटी स्कॅनमधून साधारण ८ ते १०. (एक्स-रेच्या यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो. बटण बंद केलं की किरण बंद. त्या खोलीत नंतर गेल्याने काही होत नाही.) आमच्यासारख्या कामगारांसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेने घालून दिलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला अशा कामांमधून वर्षाला १ पेक्षा जास्त मिळता कामा नये.

आमचं काम आता थोडं खुलवून सांगतो, कारण सुरक्षितता म्हणजे काय हे मला तिथेच कळलं. बॉयलर, प्रेशर व्हेसल, रिफायनरीच्या पाइपलाइनी यांच्या वेल्डिंगच्या जोडात आतून पोकळी राहिली की काय हे बाहेरून दिसत नाही. जोडाच्या एका बाजूला फिल्म लावायची, दुसऱ्या बाजूला सोर्स आणायचा. शॉपमध्ये याला नुसतं ‘आरटी’ म्हणतात. सोर्स बहुधा इरिडियम-१९२, अर्धायुष्य ७४ दिवस. वर्षभरात त्याचा जोर मूळच्या तिसाव्या हिश्श्यावर येतो आणि एकेका फिल्मला इतका वेळ लागायला लागतो की नवा मागवावाच लागतो. तो ठेवतात ‘कॅमेऱ्यात’. नाव कॅमेरा, पण ती असते एक जड पेटी, आतून बहुतेक वेळा ‘डिप्लीटेड’, म्हणजे अणुइंधनाच्या कामाचा भाग बराचसा काढून घेतलेल्या, युरेनियमने भरलेली, कारण किरण अडवण्यात युरेनियम शिशापेक्षाही सरस. किरणोत्सारी वस्तूपासून वाचायला युरेनियमचं चिलखत! नवीन पोराला हे सांगितलं की तो आपली थट्टा चालली आहे असं समजतो.

लांब केबलच्या टोकाला, ज्याला आम्ही पिगटेल म्हणतो, काही मिलिमीटरची ती कुपी असते. लांब उभं राहून हँडल फिरवायचं, कुपी नळीतून जोडापाशी जाते. फिल्म झाली की उलटं फिरवून परत पेटीत. २० क्यूरीचा (क्यूरी हे सोर्सच्या जोराचं माप) सोर्स असेल तर एक मीटरवर तासाला सुमारे ९० मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे वर्षभराची सरासरी मर्यादा पाव तासात संपली. दहा मीटर लांब गेलं की तेच शंभरावा हिस्सा होतं. अंतर दहापट, मार शंभरपट कमी. पण हाच हिशेब उलटाही चालतो, आणि माणसं तिथे फसतात. कुपी बोटांत धरली, म्हणजे अंतर एक सेंटिमीटर झालं, तर मार दहा हजारपट. मिनिटाभरात हाताचं कायमचं नुकसान. म्हणून सुटलेली कुपी ‘फक्त उचलून ठेवतो’ असं म्हणणारा माणूस या धंद्यात सगळ्यांत धोकादायक.

जाडीचा हिशेब अर्धायुष्यासारखाच आहे. कोबाल्टच्या गॅमाला निम्मं करायला साधारण १२ मिलिमीटर शिसं लागतं. त्यावर आणखी १२ घातलं तर पाव उरतं, मग आठवा हिस्सा. थरामागून थर चढवत गेलं तर दहा थरांना हजारावा हिस्सा शिल्लक राहतो, पण पूर्ण शून्य कधीच होत नाही. वेळ कमी, अंतर जास्त, मधे अडसर: आमच्या प्रशिक्षणात हे तीन शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितात आणि त्याच्यापलीकडे फारसं काही नसतंही.

अपघात होतात ते वेगळ्याच कारणाने. हँडल पूर्ण फिरलं म्हणून कुपी आत आली असं समजायचं, आणि ती मध्येच नळीत अडकलेली किंवा केबलपासून सुटलेली असते. रात्रपाळीला, जोड संपवायची घाई असताना, सर्व्हे मीटर ऑफिसात कपाटात आणि बॅटरी उतरलेली, हे मी पाहिलं आहे. मीटर हातात नसेल तर कॅमेऱ्याजवळ जायचं नाही, एवढं पाळलं तरी बरंच काही टळतं. छातीवरच्या टीएलडी बॅजबद्दलही लोकांचा विचित्र विश्वास असतो, जणू ते ताईत आहे. बॅज वाचवत नाही. त्यातल्या चकत्यांवर पडलेल्या किरणांची ऊर्जा साठून राहते, प्रयोगशाळेत तापवलं की ती उजेड म्हणून बाहेर येते आणि त्यावरून तीन महिन्यांत किती मिळालं ते कळतं. म्हणजे झालेलं नुकसान नंतर कळतं. आणि बॅज आपला आपणच लावायचा. ‘माझा फुल झालाय, तुझा दे’ असं म्हणणाऱ्याला मी हाकलून दिलेलं आहे.

तरी मला सांगायचं ते कारखान्यांबद्दल नाही. तिथे सोर्सची नोंद असते, लायसन्स असतं, चावी एका ठरलेल्या माणसाकडे असते. भीती वाटावी ती ज्याची आठवण कोणाला राहिलेली नाही अशा सोर्सची. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. यंत्र १९६८ चं, १९८५ पासून वापरात नव्हतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, आतले कोबाल्टचे तुकडे हातोहाती फिरले, एक कामगार मेला, कित्येकांना किरणांचा आजार झाला. हिशेब करा: ४२ वर्षं म्हणजे कोबाल्टची आठ अर्धायुष्यं. मूळचा अडीचशेवा हिस्सा उरलेला, तरी माणूस मारायला पुरला. ‘दहा अर्धायुष्यं झाली की सोर्स संपला’ असं आमच्याकडेही सर्रास म्हणतात. कशाचा हजारावा हिस्सा उरला ते न बघता हे म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. टेक्नेशियमच्या इंजेक्शनचा अडीच दिवसांनी उरलेला हजारावा हिस्सा नगण्य. हजारो क्यूरीच्या सोर्सचा हजारावा हिस्सा म्हणजे अजूनही काही क्यूरी.

मायापुरीत निदान कोबाल्ट घन धातू होता. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये एका बंद पडलेल्या दवाखान्यातून चोरलेल्या यंत्रात सीझियम-१३७ होतं, तेही भुकटीच्या रूपात. अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी ती घरी नेली, एकमेकांना वाटली, अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती लागलेल्या हातांनी जेवण केलं. ती धरून चार जण गेले, आणि घरं पाडून माती उचलावी लागली. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं.

आपल्याकडे मकरपुरा, गोरवा, छाणी या बाजूंना भंगाराची गोदामं भरपूर. तिथे काम करणाऱ्या, किंवा बंद कारखान्याचा माल उचलणाऱ्या कोणी हे वाचलं तर एवढं लक्षात ठेवा. आकाराच्या मानाने फारच जड असलेली छोटी पेटी किंवा शिशाचा डबा, त्यावर पिवळ्या पाटीवर तीन पाती, किंवा २००७ पासून वापरात आलेला लाल त्रिकोण, ज्यात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस आहे, असं काही दिसलं तर कापायचं नाही, कटर लावायचा नाही, उघडून आत बघायचं नाही. पाटी गंजून गेलेली असू शकते, म्हणून वजनावरून संशय घ्यायला शिका. सगळ्यांना लांब न्या, किमान शंभर पावलं, आणि ११२ ला फोन करून ‘रेडिएशनची वस्तू सापडल्याचा संशय आहे’ हे शब्द नेमके सांगा. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन आपल्याच जिल्ह्यात जरोदला आहे आणि तिला अशा कामाचं प्रशिक्षण असतं. हात लागलाच असेल तर साबणाने धुवा, ते कपडे काढून पिशवीत बांधून वेगळे ठेवा, तोवर काही खाऊ-पिऊ नका, विडीही नाही, आणि डॉक्टरकडे गेल्यावर काय हाताळलं ते आधी सांगा. पुढच्या दोन-चार दिवसांत उलट्या, हातावर लाली, फोड आले तर त्यांनी ते नेहमीचं भाजणं समजून मलम लावून परत पाठवू नये.